दुरुस्तीच्या हिशेबात अंतर कोण धरणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला इलेक्ट्रिक गाडीवरचा लेख काल दोनदा वाचला. देखभालीचा खर्च जवळजवळ नाहीच, असं आपण खर्चाचा तक्ता देऊन ठळक अक्षरात छापलं आहे. अडीच वर्षांपासून अशी गाडी मी गावात वापरतो, म्हणून आज लिहायला बसलो.

जे खरं आहे ते आधी सांगतो. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, टायमिंग बेल्ट नाही. पॅडलवरून पाय काढला की मोटारच गाडीला आवरते, त्यामुळे ४२ हजार किलोमीटर झाले तरी ब्रेक पॅड पहिलेच आहेत. घरी चार्ज केली तर किलोमीटरला दोन रुपयांच्या आत जाते. जुन्या डिझेल जीपला सात लागायचे. एवढं आपल्या लेखकाचं बरोबर आहे, आणि त्याच हिशेबावर जीप विकून मी ही गाडी घेतली.

आता उंदराचं ऐका. गाडी कोठ्याला लागून टिनाच्या शेडात उभी असते, शेजारी दुसऱ्या वेच्याचा कापूस. दिवाळीनंतर एका सकाळी गाडी जागची हलेना, समोर लाल खूण. पांढरकवड्याहून आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं बोनेट उघडलं, टॉर्च मारला. जाड नारिंगी केबल, तिच्यावर दातांच्या खुणा आणि आत चमकणारी तार. पोरगा दोन पावलं मागं सरकला. म्हणाला, "काका, या नारिंगी वायरले म्या हात लावत नाही. जीव जाईन माहा." त्याचं काही चुकलं नाही. त्या केबलमधून तीनशे-चारशे व्होल्टचा करंट जातो, त्याला वेगळे हातमोजे आणि वेगळं प्रशिक्षण लागतं.

जीपची वायरही उंदरानं कुरतडली होती, त्याच शेडात, ती विकायच्या आधी. याच पोरानं दीड तासात जोडून, टेप मारून, वरून नळी चढवून दिली. ४५० रुपये घेतले.

या गाडीला दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरहून उचलून नेणारा ट्रक मागवावा लागला. ९,००० रुपये. वर्कशॉपमध्ये सांगितलं की केबल जोडत नाहीत, अख्खा संच बदलावा लागेल, आणि तो बाहेरून येईल. बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी आहे म्हणून मी निश्चिंत होतो, पण उंदरानं केलेलं नुकसान तिच्यात बसत नाही. विमा कंपनीनंही तेच उत्तर दिलं. बिल ३६,४०० रुपये. गाडी २७ दिवस तिथं पडून होती.

त्या २७ दिवसांत माझ्या आईचं डायलिसिस थांबणार होतं का? आठवड्यातून दोनदा यवतमाळ. भाड्याच्या गाडीला एका खेपेचे २,२००, अशा आठ खेपा, म्हणजे १७,६०० रुपये. सगळं मिळून ६३ हजार. दोन वेळा भाड्याची गाडी वेळेवर आली नाही आणि आई ओसरीवर चप्पल घालून दोन-दोन तास बसून राहिली. हे आपल्या तक्त्याच्या कोणत्या रकान्यात लिहायचं?

नागपूरच्या माणसाला हाच बिघाड झाला असता तर तो रिक्षा करून घरी गेला असता. शहरातला आणि आमचा हिशेब इथं वेगळा होतो. बिघाड कमी वेळा होतात हे मलाही मान्य आहे, पण एकदा झाला की गावात तो कुणाच्याच हाताचा राहत नाही. अर्थिंगचंही तसंच. उन्हाळ्यात आमची काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि गाडी चार्जच होत नाही. एप्रिल-मेमध्ये रोज संध्याकाळी मी त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो, तेव्हा चार्जरचा दिवा हिरवा होतो. गाडी विकताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या लेखातही नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी, म्हणजे आपली वस्तू हवी तिथं दुरुस्त करून घेता यावी म्हणून, पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. तो हक्क आमच्या पांढरकवड्याच्या पोराच्या हातात कधी येणार, हे विचारा ना कंपन्यांना. तालुक्याच्या आयटीआयमध्ये या गाड्यांचं काम शिकवा, सुटा भाग सुटा विका, केबलवर उंदीर लागणार नाही असं आवरण कारखान्यातूनच द्या. मी ही गाडी विकणार नाही. पण माझा भाचा घ्यायची म्हणतो, त्याला अजून हो म्हटलेलं नाही.

आणखी एक. आपल्या जिल्हा पानावरचा बाजारभावाचा रकाना महिन्याभरापासून अर्ध्यावर आला आहे. कापसाचा कालचा भाव कधी असतो, कधी नसतो, आणि त्या जागी गाडीची जाहिरात असते. कापूस घरात आहे तोवर तरी तो रकाना पूर्ण छापावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक कापूस उत्पादक शेतकरी
ता. केळापूर, जि. यवतमाळ