लॉ कॉलेजांनी शुल्काशेजारी आणखी चार आकडे छापावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रवेश पुरवणीत गेले काही आठवडे कायद्याच्या महाविद्यालयांच्या पानभर जाहिराती येत आहेत. '100 टक्क्यांपर्यंत शिष्यवृत्ती' आणि 'सर्वोच्च पॅकेज' हे शब्द त्यांत सर्वांत मोठ्या टायपात असतात. गेल्या वर्षी अशाच जाहिराती पुढ्यात घेऊन मी आणि माझी भाची तीन महिने बसलो होतो. यंदा त्या जागी दुसरी कोणाची तरी मुलगी बसली असेल, म्हणून हे पत्र.

मी जिल्हा न्यायालयात 31 वर्षे नोकरी केली, त्यातली बरीचशी कागदपत्रांच्या अधिकृत प्रती देणाऱ्या नक्कल विभागात. नुकताच निवृत्त झालो. मी वकील नाही, पण वकील कसे घडतात आणि कसे गळतात, हे टेबलाच्या अलीकडून रोज पाहिले आहे.

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी पिठाची गिरणी आहे. तिच्या मुलीला नववीपासून न्यायाधीश व्हायचे होते. बारावीला असताना, डिसेंबर 2024 मध्ये, तिने क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, दिली. आपल्या राज्यातली तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे, म्हणजे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर, थोडक्यात हुकली. परराज्यातल्या एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात मात्र जागा मिळाली. घरात पेढे वाटले गेले. त्याच आठवड्यात दाजींचा मला फोन आला, "बँकेत यावं लागेल, तुमची सही लागतीय."

मी सहीला नाही म्हणालो नाही, पण आधी हिशेब करू म्हणालो. रात्री गिरणी बंद झाल्यावर आम्ही तिथेच बसलो. कॅलेंडरचे पाठकोरे पान घेतले. त्यावर पीठ सांडलेले होते, ते भाचीने हाताने झटकले आणि आकडे मांडायला सुरुवात केली. शिकवणी शुल्क, वसतिगृह, मेस मिळून वर्षाला 3 लाख 10 हजार. दाजी वर्षाला 70 हजार देऊ शकत होते. उरलेले 2 लाख 40 हजार दरवर्षी कर्जाचे, म्हणजे पाच वर्षांत 12 लाख. व्याज दहा टक्के धरले. अभ्यासक्रम संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत जाते. साध्या व्याजाने मोजले तरी हप्ते सुरू होताना देणे 16 लाख 80 हजार होते. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे 22,200 रुपये. एकूण साडेसव्वीस लाखांच्या पुढे.

दाजी बराच वेळ त्या शेवटच्या आकड्याकडे बघत होते. बँकेने साडेसात लाखांच्या वरच्या रकमेसाठी तारण मागितले होते, आणि तारण द्यायला त्यांच्याकडे गिरणीच्या जागेशिवाय काही नव्हते.

पीएम-विद्यालक्ष्मी योजनेचीही चौकशी केली. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या या योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमधल्या प्रवेशासाठी विनातारण, विनाजामीन कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात तीन टक्के व्याज सवलत आहे. योजना चांगली आहे आणि ज्यांना लागू पडते त्यांनी ती जरूर घ्यावी. गिरणीवरचा बोजा त्याने टळला असता. पण सवलत धरून पुन्हा हिशेब मांडला तेव्हा हप्ता 20,600 च्या आसपास आला. दीड-दोन हजारांचा फरक. मूळ प्रश्न जागच्या जागी राहिला.

मूळ प्रश्न असा, की 22 हजारांचा हप्ता भरणारी मुलगी वकिलीची पहिली वर्षे काढणार कशी? वकिलांची शिखर संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनियर वकिलांना शहरात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचवले. सुचवले, सक्ती केली नाही. आमच्या तालुक्यात इतके देणारा सीनियर मी पाहिलेला नाही. आणि कोणी दिलेच, तरी शहरातले पूर्ण विद्यावेतन हप्त्याला पुरत नाही. जेवण, खोली, एसटी, काळा कोट सगळे बाजूलाच.

इथे मला एक मुलगा आठवतो. नाव लिहीत नाही. एका नावाजलेल्या विधी विद्यापीठातून शिकून तो आपणहून गावाकडच्या कोर्टात आला होता. नकलेचा अर्ज द्यायला माझ्याकडे यायचा. अर्ज इतका नेटका, की खाडाखोड नाही, तारखा, दाव्याचा नंबर सगळे जागेवर. एकदा बांधाच्या वादात त्याने मनाई हुकमाच्या अर्जावर केलेले टिपण मी फायलीत वाचले. वीस वर्षे प्रॅक्टिस केलेल्या वकिलांचे इतके स्वच्छ टिपण क्वचित पाहिले असेल. त्याचा पक्षकार म्हणजे दीड एकराचा मालक असलेला म्हातारा, बाकावर बसून असायचा आणि पोराकडे विश्वासाने बघायचा. एके दिवशी अर्जाला कोर्ट फी स्टँप लावताना त्या मुलाचा मोबाइल वाजला. त्याने मेसेज वाचला आणि मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. "काका, पाच तारीख," एवढेच म्हणाला. चार महिन्यांनी तो एका कंपनीच्या कंप्लायन्स (नियमपालन) विभागात नोकरीला गेला. मी त्याला दोष देत नाही, त्याच्या जागी मीही तेच केले असते. पण त्या म्हाताऱ्याचा दावा पुढे चार वर्षे चालला आणि दर तारखेला वकील नवा असायचा.

दुसरीकडे एका खासगी विद्यापीठाने भाचीला '50 टक्के गुणवत्ता शिष्यवृत्ती' देऊ केली. पत्र सोनेरी कडेचे होते, बहिणीने ते देवापुढे ठेवले. मला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे. सवलत फक्त शिकवणी शुल्कावर होती. 3 लाख 60 हजारांचे 1 लाख 80 हजार. वसतिगृह सक्तीचे, मेस सक्तीची, शिवाय विकास निधी, गणवेश, मूट कोर्ट (सरावाचे नकली न्यायालय) शुल्क. ते सगळे मिळून 1 लाख 90 हजार. म्हणजे निम्म्या सवलतीनंतर वर्षाला 3 लाख 70 हजार, बिनसवलतीच्या राष्ट्रीय विद्यापीठापेक्षा 60 हजार जास्त. आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात अट होती : दरवर्षी 8 सीजीपीए (सरासरी श्रेणीगुण) राखले नाहीत तर शिष्यवृत्ती कायमची बंद. पहिल्याच वर्षी ती गेली असती तर पाच वर्षांचा खर्च साडेपंचवीस लाखांच्या वर जात होता. त्यातही शुल्क दरवर्षी वाढण्याची मुभा त्यांनी स्वतःकडे ठेवली होती.

मी त्यांना ईमेलने एकच प्रश्न विचारला : गेल्या वर्षी पहिल्या वर्षाला शिष्यवृत्ती मिळालेल्या किती मुलांची ती दुसऱ्या वर्षीही टिकली? उत्तर लेखी आले नाही. फोन आला. पलीकडची मुलगी गोड बोलणारी होती. "सर, ही ऑफर शनिवारपर्यंतच आहे." मी पुन्हा विचारले. "सर, तुमची मुलगी हुशार आहे, तिची टिकेलच." तिसऱ्यांदा विचारले तेव्हा साहेबांना विचारून कळवते म्हणाली. अजून कळवलेले नाही. ज्या संस्थेला हा आकडा सांगता येत नाही, तिची शिष्यवृत्ती मी शिष्यवृत्ती मानत नाही. ती पहिल्या वर्षापुरती सूट आहे, आणि पालकांना तसे स्पष्ट सांगायला हवे.

त्यातच 20 मे 2025 चा निकाल समोर होता. दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आणली. त्याआधी आपल्या राज्यात चांगले गुण असलेल्या नव्या पदवीधरालाही ही परीक्षा देता येत होती. निकाल योग्य आहे असे माझे मत आहे. कोर्टाची पायरी न चढलेल्या मुलांना न्यायासनावर चाचपडताना मी पाहिले आहे. पण आमच्या पाठकोऱ्या कागदावर त्याचा अर्थ वेगळा होता. हप्ता पदवीनंतर एका वर्षाने सुरू होणार आणि परीक्षेला बसायची पात्रता तीन वर्षांनी येणार. मधली किमान दोन वर्षे ज्युनियर म्हणून काढायची आणि तेव्हाच महिन्याला 22 हजार भरायचे. भाचीने स्वतःच ती रेघ मारली. "मामा, कर्ज काढलं तर मी जज होणारच नाही. हप्त्यासाठी नोकरी धरीन आणि तिथेच राहीन." अठरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून हे ऐकताना मला बरे वाटले नाही.

राज्याची कायद्याची सीईटी तिने दिलेलीच होती. राज्याच्या सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून तिला पुण्यातल्या एका जुन्या अनुदानित महाविद्यालयात जागा मिळाली. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पालकांनी एक गोष्ट मात्र नीट बघावी. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही माफी मिळत नाही, आणि 'आत्ताच जागा पक्की करून टाका' म्हणणारे लोक हे सांगत नाहीत. आता तिचा खर्च खोली आणि मेसचा, महिन्याला नऊ हजार. दाजींचे 70 हजार आणि वरचे माझ्या पेन्शनमधून. कर्ज शून्य.

राष्ट्रीय विद्यापीठ सोडणे सोपे नव्हते. ती दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. तिथले ग्रंथालय, मूट कोर्ट, देशभरातले वर्गमित्र, मोठ्या फर्म थेट कॅम्पसमध्ये येणे, हे सगळे खरे आहे आणि त्याला किंमत आहे. ज्या मुलाला कॉर्पोरेट कायद्यातच जायचे आहे आणि ज्याचा क्रमांक वरच्या चार-पाच विद्यापीठांत लागतो, त्याने कर्ज काढावे असेच मी सांगेन. त्याचा हप्ता पगारातून निघतो. माझे म्हणणे एवढेच की हे मुलाला काय करायचे आहे त्यावर ठरावे, जाहिरातीतल्या सर्वोच्च पॅकेजवर नव्हे. सर्वोच्च पॅकेज एकाच मुलाला मिळते. सगळी तुकडी पगारानुसार ओळीत उभी केली तर बरोबर मधोमध उभ्या असलेल्या मुलाला किती मिळाले, हे विचारायला हवे.

हा आकडा अगदीच गुप्त नसतो. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांनी सादर केलेली माहिती त्यांच्या संकेतस्थळावर असते. त्यात किती विद्यार्थी पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली आणि नोकरी लागलेल्यांचा मधला पगार किती, हे रकाने असतात. भाचीनेच ते शोधून काढले आणि तिनेच मला खोच दाखवली : मधला पगार फक्त नोकरी लागलेल्यांचा धरलेला असतो. ज्यांना लागली नाही ते, आणि जे कोर्टात उभे राहिले ते, त्या हिशेबात नाहीत. त्यामुळे दोन्ही रकाने शेजारी ठेवूनच वाचावेत.

आता मागणीकडे येतो. सीईटी कक्षाच्या महाविद्यालयांच्या यादीत आणि क्लॅटमधून प्रवेश देणाऱ्या विद्यापीठांच्या माहितीपत्रकात शुल्काशेजारी चार आकडे सक्तीने छापले जावेत. वसतिगृह-मेससह पाच वर्षांचा पूर्ण खर्च. दिलेल्या शिष्यवृत्त्यांपैकी दुसऱ्या वर्षी टिकलेल्या किती. मागच्या तुकडीतल्या किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मधला पगार किती. आणि किती जणांनी वकिलीची सनद घेतली. सनदेचा आकडा कोणी मागत नाही, पण कायद्याच्या महाविद्यालयातून किती वकील निघाले हे कळू नये, हे मला पटत नाही.

वेळापत्रकाचाही विचार व्हावा. क्लॅटच्या जागा महिनोन्महिने आधी पैसे भरून पक्क्या कराव्या लागतात आणि राज्याच्या फेऱ्या पावसाळ्यात सुरू होतात. आम्ही आधी भरलेल्या पैशांतले सगळे परत मिळाले नाहीत. आम्हाला ते झेपले. ज्यांना झेपणार नाही ते दुसरा पर्याय समोर येण्याआधीच कर्जाच्या कागदावर सही करतात.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत जाहिराती जरूर छापा. सोबत या चार आकड्यांचा तक्ता छापायचे ठरवलेत, तर संस्थांना पत्रे लिहून आकडे मागवण्याचे काम मी आणि माझी भाची करू. तिला सध्या सुट्टी आहे.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, जि. सातारा
(भाचीचे शिक्षण चालू असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)