लाकडी घरांच्या फोटोंबरोबर भिंतीचा छेदही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लाकडी सांगाड्याच्या घरांबद्दल वास्तुविषयक पुरवण्यांतून हल्ली बरेच छापून येते. फोटो देखणे असतात आणि मजकुरात एक वाक्य हमखास असते : लाकूड मुळातच उष्णतारोधक असल्यामुळे असे घर आपोआप ऊर्जा वाचवते. हे वाचून घर बांधायला निघालेल्या माणसाची फसगत होण्याची दाट शक्यता आहे, म्हणून हे पत्र.

काँक्रीट किंवा पोलादाच्या मानाने लाकूड फारच कमी उष्णता वाहून नेते, यात शंका नाही. पण भिंतीतले लाकूड एकटे नसते. पाइन किंवा स्प्रूसच्या उभ्या खांबांची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला सुमारे ०.१३ वॉट, तर दोन खांबांमधल्या पोकळीत भरलेल्या खनिज लोकरीची (दगड किंवा काचेच्या तंतूंच्या उष्णतारोधक गादीची) ०.०३५च्या आसपास. म्हणजे लोकरीच्या जवळजवळ चौपट उष्णता खांबातून निसटते. सांगाडा बळकट हवा म्हणून लाकूड वाढवत गेलो की भिंतीची उष्णता अडवण्याची ताकद कमी होत जाते.

आकड्यांत पाहू. १४० मिमी खोलीचे खांब, मध्ये लोकर, आतून प्लास्टरबोर्ड, बाहेरून ओएसबीचे (लाकडाच्या चपट्या कपच्या गोंदाने दाबून केलेले) तक्ते, त्यापुढे हवा खेळती राहील अशी फट आणि मग बाहेरचे आवरण. लोकर असलेल्या भागाचे यू-मूल्य साधारण ०.२३ येते, खांबाच्या जागी तेच ०.६८. (यू-मूल्य म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जाते ते, आकडा लहान तितकी भिंत चांगली.) दर्शनी क्षेत्रफळात लाकूड १५ टक्के धरले तर अख्ख्या भिंतीची सरासरी ०.३०, आणि २५ टक्के धरले तर ०.३४. कितीतरी आराखड्यांत लाकूड १५ टक्के धरून हिशेब मांडलेला असतो आणि जागेवर २५ टक्के ठोकलेले असते. ४०० मिमीवर एक खांब, माथ्याला दुहेरी पट्टी, खिडकीच्या दोन्ही बाजूंना जोडखांब, भार नसलेल्या भिंतीतसुद्धा जाडजूड लिंटेल, एवढे झाले की २५ टक्के सहज भरतात. यातले बरेच लाकूड भारासाठी नसते, सवयीने घातलेले असते.

स्ट्रक्चरल इंजिनिअरने भार तपासून मान्यता दिली तर खांब ६०० मिमीवर घेता येतात. वरच्या तुळया खालच्या खांबांच्या बरोबर डोक्यावर आणल्या तर माथ्याची दुसरी पट्टीही बहुतेक ठिकाणी वगळता येते. कोपऱ्याकडे मात्र मुद्दाम पाहावे. दोन भिंती मिळतात तिथे तीन-चार खांब जोडून सुतार एक बंद पेटी करतो. बाहेरून ओएसबी ठोकला की त्या पेटीत लोकर घालायला वाटच उरत नाही. थंड हवेत त्या कोपऱ्याचा आतला पृष्ठभाग गार पडतो, खोलीतल्या हवेचे दव तिथे धरते आणि कपाटामागे बुरशीचा काळा पट्टा उमटतो. दोन खांबांचा मोकळा कोपरा केला आणि प्लास्टरबोर्डच्या कडेला धातूच्या क्लिपचा आधार दिला, तर लोकर थेट कोपऱ्यापर्यंत पोचते. खर्च वाढत नाही. फक्त हा तपशील आधी कागदावर काढलेला असावा लागतो.

सगळ्यात मोठा फायदा खांबांच्या बाहेरून सलग थर देण्यात आहे. वरच्याच भिंतीला ओएसबीच्या बाहेरून लाकूडतंतूंचे ६० मिमी जाड बोर्ड लावले, तर १५ टक्के लाकडाच्या हिशेबाने यू-मूल्य ०.३०वरून ०.२०च्या आत येते. तेच ६० मिमी खांबाची खोली वाढवून, म्हणजे २०० मिमी खांब घेऊन मिळवले, तर ०.२२वरच अडते, कारण खांब अजूनही आरपारच असतो. शिवाय बाहेरच्या थरामुळे ओएसबी उबदार राहतो आणि त्यावर आतून दव धरण्याचा धोका कमी होतो. माझ्या मते हा दुसरा फायदा पहिल्यापेक्षाही मोलाचा आहे.

लोकर भरण्यातही हयगय चालत नाही. पोकळीच्या रुंदीपेक्षा पाच-दहा मिमी जास्त कापलेला तुकडा कडेला घट्ट बसतो. बरोबर मापाने कापलेला सैल पडतो आणि कडेने हवा फिरते. वायर आडवी आली तर तुकडा मागे दाबू नये, चिरून अर्धा वायरीच्या मागे आणि अर्धा पुढे घ्यावा. पोकळीत सेल्युलोज (रद्दी कागदाचे तंतू) फुंकून भरायचा असेल तर भिंतीत घनमीटरला ५०-६० किलोच्या घनतेने भरावा लागतो. त्याहून सैल भरला तर कालांतराने खाली बसतो आणि माथ्याशी रिकामा पट्टा उरतो.

आता हवाबंदपणा. भिंतीत शिरणारी बहुतेक वाफ तक्त्यांतून झिरपत नाही, फटींतून हवेबरोबर जाते. म्हणून अख्ख्या घराभोवती एक अखंड हवाबंद थर हवा. त्याची परीक्षा सोपी आहे : घराचा उभा छेद, म्हणजे घर उभे कापल्यासारखे आतले थर दाखवणारा नकाशा, समोर घ्या आणि पाया, भिंत, मजला, छप्पर, पुन्हा भिंत, पाया असा हा थर पेन्सिल न उचलता गिरवून दाखवायला सांगा. पेन्सिल हमखास अडते ती मधल्या मजल्याशी. तिथे तुळयांची टोके भिंतीवर टेकतात आणि आतला थर तुटतो. उपाय असा की खालची भिंत उभी राहिली की तिच्या माथ्यावर हवा अडवणाऱ्या पातळ पडद्याची रुंद पट्टी आधी टाकायची, ती मजल्याच्या कडेबाहेरून वळवून वर घ्यायची आणि खालच्या-वरच्या भिंतींच्या थराला टेपने जोडायची. मजल्याचे तक्ते ठोकून झाल्यावर हे जमत नाही. मग फोमची पिचकारी मारली जाते, लाकूड आकसले की फोम सुटतो आणि फट पुन्हा उघडी पडते.

टेप लावण्याआधी ओएसबीवरची धूळ पुसायला हवी आणि लावल्यावर रोलरने दाबायला हवे, कारण हा गोंद दाबानेच धरतो. ओढून ताणलेली टेप कोपऱ्यात हळूहळू उचलते. वायर आणि नळांसाठी हवाबंद थराच्या आत ४०-५० मिमी जाडीच्या पट्ट्यांवर वेगळी पोकळी ठेवली की प्रत्येक स्विचच्या डब्यासाठी त्या थराला भोक पाडावे लागत नाही. पुढे कुणी भिंतीत खिळा ठोकला तरी थर शाबूत राहतो.

हवाबंदपणाची चाचणी दारात पंखा लावून, आत-बाहेर ५० पास्कल दाबाच्या फरकावर होते. पॅसिव्ह हाउस या अतिशय कमी ऊर्जा लागणाऱ्या घरांच्या मानकाची मर्यादा तासाला ०.६ हवाबदल (म्हणजे घरातल्या एकूण हवेच्या ०.६ पट हवा तासाभरात बदलणे) अशी आहे. पण आकड्याइतकाच चाचणीचा मुहूर्त महत्त्वाचा. प्लास्टरबोर्ड चढण्यापूर्वी पहिली चाचणी झाली तर हाताने चाचपून फटी सापडतात आणि बुजवता येतात. घर पूर्ण झाल्यावरची चाचणी केवळ निकाल सांगते. आणि इतके हवाबंद घर यांत्रिक वायुवीजनाशिवाय ठेवू नये : माणशी तासाला सुमारे ३० घनमीटर ताजी हवा आणि बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता परत घेणारे यंत्र. बाहेरून येणारी थंड हवेची नळी घरातून जात असेल तर तिला उष्णतारोधक गुंडाळावा, नाहीतर तिच्यावर दव धरून ती ठिबकते.

यात नवलाईचे काही नाही. कॅनडातल्या रेजायना शहरात १९७७ साली उभे राहिलेले सॅस्कॅचेवान कॉन्झर्वेशन हाउस लाकडीच होते. जाड दुहेरी भिंती, काटेकोर हवाबंदपणा आणि उष्णता परत घेणारे यंत्र हे सगळे त्यात होते. त्याच देशाने उलटी बाजूही पाहिली. व्हँकुव्हर परिसरात १९८० आणि १९९०च्या दशकांत बांधलेल्या लाकडी सांगाड्याच्या कितीतरी इमारती आतून कुजल्या, आणि १९९८मध्ये त्यांच्यासाठी बॅरेट आयोग नेमावा लागला. पावसाचे पाणी खिडक्यांच्या सांध्यांतून आत शिरत होते आणि आवरण थेट भिंतीला चिकटवलेले असल्यामुळे त्याला बाहेर पडायला आणि लाकडाला वाळायला जागा नव्हती. छपराच्या वळचणीही तोकड्या होत्या.

म्हणून आवरणामागे २०-२५ मिमीची फट, खाली-वर उघडी आणि किडे शिरू नयेत म्हणून जाळी लावलेली, हा हौसेचा भाग समजू नये. खिडकीचेही तसेच. खालच्या चौकटीवर बाहेर उताराचे, दोन्ही टोकांना कड उचललेले ताट बसवायचे, बाजूचे पाणी अडवणारे पडदे त्यावर चढवायचे, माथ्याचा पडदा सगळ्यांत वर : कौलांसारखे, वरचे खालच्यावर. खिडकीच्या खालच्या कडेला बाहेरून सीलंट भरू नये; आत आलेले पाणी तिथूनच निघून जाते. नेमकी हीच कड कारागीर काळजीपोटी बुजवतात आणि पाणी भिंतीत कोंडते.

लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ते कुजत नाही. भिंत बंद करण्याआधी ओलावामापकाचे टोक तळपट्टीत (भिंतीच्या तळाच्या आडव्या लाकडात) खुपसून पाहावे. सगळ्यात ओली तीच असते. तळपट्टी बाहेरच्या जमिनीपासून किमान १५० मिमी उंच हवी. वाळवीच्या प्रदेशात पायाच्या कडेचा उष्णतारोधक जमिनीपासून थेट लाकडापर्यंत नेऊ नये, कारण त्यामागून वाळवी न दिसता वर चढते. तिथे धातूची आडवी पट्टी आणि नजरेने तपासता येईल असा उघडा पट्टा ठेवावा.

वाफ कोणत्या बाजूने अडवायची हे हवामान ठरवते. थंड प्रदेशात आतला थर बाहेरच्यापेक्षा वाफेला किमान पाचपट अडवणारा हवा. उष्ण, दमट प्रदेशात एसी चालवलेल्या घरात वाफ बाहेरून आत येते. तिथे प्लास्टरबोर्डमागे पॉलिथिन लावले तर वाफ त्या गार कागदावर अडकून पाणी होते आणि लाकूड भिजते. थंड प्रदेशातला छेद जसाच्या तसा उचलून उष्ण प्रदेशात वापरणे ही या क्षेत्रातली सर्वांत महाग चूक म्हणावी लागेल.

उन्हाळ्याचा विचारही अनेकदा राहून जातो. लाकडी भिंती हलक्या असतात, उष्णता साठवत नाहीत, त्यामुळे काचेतून आलेले ऊन खोलीला लगेच तापवते. पश्चिमेच्या मोठ्या काचेला वरचे छज्जे पुरत नाहीत, ऊन तिरपे येते. तिथे बाहेरून सरकत्या झडपा हव्यात किंवा काचच लहान हवी. आतला पडदा ऊन घरात शिरल्यावर अडवतो. छपरात हलक्या लोकरीऐवजी घनदाट लाकूडतंतू घातले तर दुपारची झळ आत पोचायला काही तास उशीर होतो, तोवर रात्रीचा गारवा खिडक्यांतून घेता येतो.

आणखी एक. लाकडाच्या ओलाव्यात चार टक्क्यांचा फरक पडला की ते रेषांना आडवे साधारण एक टक्का आकसते. मजल्याशी तुळई आणि पट्ट्या मिळून ३०० मिमी आडवे लाकूड असेल आणि ते १८वरून १२ टक्क्यांवर वाळले, तर दर मजल्याला चार-पाच मिमी खाली बसते. बाहेर विटांचे आवरण असेल तर खिडकीच्या उंबऱ्याखाली तेवढी फट सोडावी लागते, आणि वरचे मजले जसे वाढतील तशी ती वाढवावी लागते. नाहीतर सांगाडा बसतो, वीट बसत नाही आणि चौकट तिरकी होते.

आपणास विनंती अशी की, पुढच्या वेळी अशा घरावर मजकूर छापाल तेव्हा फोटोंतला एक कमी करून भिंतीचा छेद छापावा : खांबांचे अंतर, लाकडाचे टक्के, हवाबंद थर कुठून जातो आणि ५० पास्कलच्या चाचणीत किती आकडा आला, एवढे त्यात असावे. वास्तुरचनाकाराकडे हा छेद तयार नसेल, तर घराला ‘ऊर्जा वाचवणारे’ हे विशेषण लावू नये.

आपला,
एक वाचक