मिस्त्री भैया, मशीन चालू झालं!

भैया नमस्कार,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे माहितीये, भाचा फोनवर हिंदीत सांगेल, पण मनातलं मला हिंदीत जमत नाही आणि आमच्या बार्शीकडच्या लोकांनीपण हे वाचावं म्हणून इथंच लिहिते.

ट्रॉलीखाली येऊन पाय गुडघ्याखालून गेला, मग उसनेपासने करून दुकानातून एक नकली पाय घेतला होता. दिसायला एकदम भारी, पण बुटाशिवाय चालताच यायचं नाही, आणि आमच्या घरात चपला उंबऱ्याबाहेर! पंगतीत सगळे खाली मांडी घालून आणि मी एकटी खुर्चीवर, पाहुणी आल्यासारखी. शेवटी पाय गेला माळ्यावर आणि मी परत कुबड्यांवर.

जयपूरला तुमच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीत जयपूर फूट बसवायला आले तेव्हा वाटलं फुकट देतायत म्हणजे कसलातरीच असणार, खोटं कशाला बोलू. तुम्ही प्लास्टरचं माप घेता घेता विचारलं, काम काय करता? म्हटलं शिलाई, पायाचं मशीन, सध्या बंदय. मग तुम्ही भट्टीतनं पाईप काढून साच्यावर ओढला आणि बघते तर काय, आमच्या शेतात पाण्याला टाकतात तसलाच एचडीपीई प्लास्टिकचा पाईप! हसूच फुटलं मला. खालचं पाऊल मात्र रबराचं, घोट्यात हवं तसं वळणारं. कारागीर मास्टरजी रामचंद्र शर्मांनी १९६८ साली हाडांचे डॉक्टर सेठी यांच्याबरोबर ते बनवलं, आपल्या माणसांना मांडी घालायची असते, उकिडवं बसायचं असतं, अनवाणी चिखलात जायचं असतं हे बघून, आणि १९७५ पासून तुमची समिती ते फुकट बसवते, हे सगळं तुमच्याचकडून ऐकलं.

पाय लागल्यावर सगळे चालायला लावतात, तुम्ही पाईपचा तुकडा जमिनीवर टाकून त्यावर फळी ठेवली आणि म्हणालात, चलो, मशीन चलाओ. टाच पंजा, टाच पंजा. सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग, पुढून टोचत होतं ते दोनदा घासून दिलंत, तेवढ्यात तुमचा चहा पार गार झाला.

या दिवाळीला ४१ ब्लाउज शिवले भैया! फॉल-पिको वेगळं. रबर टाचेला जरा झिजलंय, उन्हाळ्यात बदलायला येते. येताना तुम्हाला शर्ट आणतेय, माप नजरेनंच धरलंय, ढगळ झाला तर तिथंच बसून उसवून परत शिवून देईन.