फोटोतला मासा जिवंत आहे का?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीवर पानभर मजकूर होता. सोबत एका दिवाणखान्यातल्या मरीन टँकचा, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या समुद्री माशांच्या टँकचा, मोठा रंगीत फोटो. टँकच्या मधोमध काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, पाठीवरून लांब तुरा निघालेला मासा होता. त्याला मूरिश आयडल म्हणतात. फोटो कधी काढला होता ते लिहिलेलं नाही, पण तो मासा आज जिवंत नसणार अशी मला दाट शंका आहे. म्हणून हे पत्र.

मी शास्त्रज्ञ नाही आणि माझं दुकानही नाही. ठाणे-डोंबिवली पट्ट्यात गेली सोळा वर्षं लोकांच्या घरचे, दवाखान्यांचे, हॉटेलांचे फिशटँक सांभाळतो. पाणी बदलणं, काचेवरचं शेवाळ खरवडणं, फिल्टर धुणं आणि मेलेले मासे जाळीने काढणं ही माझी कामं. यातल्या शेवटच्या कामाबद्दल कुठल्याच पुरवणीत काही छापून येत नाही.

मूरिश आयडल समुद्रात खडकांवरचे स्पंज कुरतडत हिंडतो. घरच्या टँकमध्ये त्याच्यासमोर डब्यातलं खाणं पडतं. पुष्कळदा तो त्याकडे ढुंकूनही बघत नाही, आणि खाल्लं तरी ते अंगी लागेलच असं नाही. पोट आत जातं, डोक्यामागचं मांस उतरतं. रंग मात्र शेवटपर्यंत तसाच राहतो, त्यामुळे घरच्यांना तो मजेत पोहतोय असंच वाटतं. दुसरा मँडरिन. फिलिपिन्स-इंडोनेशियाकडचा, बोटाएवढा, अंगावर पैठणीच्या पदरासारखी निळी-केशरी नक्षी. हा दिवसभर खडकांच्या फटींतून कोपेपॉड नावाचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव एकेक करून टिपतो. नव्या टँकमधले कोपेपॉड तो बघता बघता संपवतो. त्यानंतरही त्याचं फटी धुंडाळणं थांबत नाही, आणि मालक मित्रांना कौतुकाने सांगतात, ‘बघा, किती ॲक्टिव्ह आहे!’

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी माझी चूक सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका घरी चार फुटी टँक होता, पाणी साधारण अडीचशे लिटर. त्यातल्या पावडर ब्लू टँगच्या अंगावर पांढरे ठिपके आले. हा मासा या रोगाला फार लवकर बळी पडतो. मी मोठ्या जाणकाराच्या थाटात सांगितलं, ‘क्लीनर रास आणा, तो साफ करेल.’ क्लीनर रास म्हणजे दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा छोटा मासा. त्यांनी तो आणला. पहिले दोन दिवस तो टँगभोवती फिरला, घरची मुलं खूश. पण पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या कातडीच्या आत शिरलेला असतो, तो क्लीनर रासला उपसता येत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. टँग दहा दिवसांत गेला. रासने पुढे महिनाभर तग धरला. एकदा धाकटी मुलगी मला म्हणाली, ‘काका, हा रोज बारीक होतोय.’ मी म्हटलं, ‘नाही गं, त्याची चणच तशी आहे.’ ते खोटं होतं.

खडकाळ समुद्रात क्लीनर रासचं जणू दुकानच असतं. त्याच्या ठरलेल्या जागी मोठमोठे मासे येऊन थांबतात आणि तो त्यांच्या अंगावरचे, कल्ल्यांतले परजीवी खातो. ऑस्ट्रेलियात लिझार्ड बेटाजवळ संशोधकांनी मोजलं, तेव्हा एक क्लीनर रास दिवसाला सुमारे १,२०० परजीवी खात असल्याचं दिसलं. चार-पाच माशांच्या टँकमध्ये त्याचं पोट कसं भरणार? याच माशाच्या गळ्याखाली जपानी संशोधकांनी खूण केली, तेव्हा आरशात ती पाहिल्यावर तो गळा तळाशी घासून ती पुसायला लागला. हे काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. याला ‘स्वतःला ओळखणं’ म्हणायचं का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. त्या घरात मला एवढंच दिसलं होतं की तो उपाशी आहे.

त्या घरच्या आजी शेवटी म्हणाल्या, ‘जाऊ दे, घरावरचं संकट घेऊन गेला.’ हे वाक्य मी निदान शंभर घरांत ऐकलं असेल. मासा मेला की वास्तूवर आलेलं काहीतरी तो स्वतःवर घेतो, असं आपल्याकडे बोललं जातं. सांत्वन म्हणून ठीक आहे. पण त्यामुळे मासा का मेला हे कुणी विचारत नाही आणि पुढच्या रविवारी तसाच दुसरा येतो. संकट बहुतेक वेळा पाण्यातल्या अमोनियाचं असतं, नाहीतर लोडशेडिंगचं. मूरिश आयडल, मँडरिन किंवा क्लीनर रास यांच्या बाबतीत तर विकत घेणं हेच संकट.

आता कुणी म्हणेल, बांगडा तळून खाता आणि टँकमधल्या माशाचा पुळका? खातो. सुरमईही खातो, कर्ज काढून. पण बांगड्याला दोन महिने उपाशी ठेवून, त्याच्यावर निळा दिवा सोडून, त्याच्यासमोर पाहुण्यांना चहा देत नाही.

गोड्या पाण्यातले गप्पी, मॉली, गोल्डफिश हे जवळपास सगळे पैदास केंद्रांतून येतात. समुद्री मासे मात्र अजूनही बहुतांश पकडलेले असतात. कसे पकडतात, तेही बघा. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून प्रवाळातल्या माशांवर सोडियम सायनाइडचं पाणी मारून त्यांना गुंगवून पकडण्याची रीत पडली. मासा सापडतो, आजूबाजूचे प्रवाळ मरतात आणि आणलेले पुष्कळ मासेही पुढे काही दिवसांत जातात. टँकमध्ये पोहणाऱ्या माशाकडे बघून तो कसा पकडला होता हे मला सोळा वर्षांनंतरही सांगता येत नाही. दुकानदारालाही नाही.

याचा अर्थ सगळेच मरीन टँक फोडून टाका असा नाही, नाहीतर माझाच धंदा बसेल. केशरी-पांढरा क्लाउनफिश टँकमध्ये अंडी घालतो, डब्यातलं खातो, नीट सांभाळला तर वीस वर्षंही जगतो. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर स्थानिक बायका शोभेचे समुद्री जीव वाढवायला शिकल्या आहेत. आपल्याकडे ऐरोलीतही क्लाउनफिशची पैदास होते. असा मासा घेतला तर समुद्रातून काही उचललं जात नाही आणि कुणाच्या हाताला काम मिळतं.

सरकारने एकदा प्रयत्न केला होता. २०१७ साली फिशटँकच्या दुकानांसाठी केंद्राने नियम काढले आणि १५८ जाती ठेवण्या-विकण्यावर बंदी घातली. त्या यादीत क्लाउनफिशही होता आणि बटरफ्लायफिशही. पैकी पहिला पैदास केंद्रात सहज वाढतो. दुसऱ्याच्या कित्येक जाती जिवंत प्रवाळच खातात, म्हणजे आपल्या घरी उपाशीच राहतात. दोघांना एकाच मापाने मोजल्यावर गदारोळ होणारच. नंतर ते नियम मागे घेतले गेले आणि मग सगळं पूर्ववत. समुद्री घोडे आणि प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत आहेत, म्हणजे ते विकणं गुन्हा आहे, तरी ‘सी हॉर्स मिळेल का?’ असा फोन मला महिन्यातून एखादा येतोच.

माझं म्हणणं एवढंच आहे की दुकानात प्रत्येक समुद्री माशाच्या टँकवर दोन गोष्टी ठळक मराठीत लिहिलेल्या असाव्यात. हा पैदास केलेला की पकडलेला, आणि हा खातो काय. ‘खातो काय’ याचं उत्तर स्पंज, प्रवाळ किंवा दुसऱ्या माशाच्या अंगावरचे परजीवी असं असेल, तर तो घरच्या टँकसाठी विकूच नये. हे व्हायला कायदा लागेल, पण गिऱ्हाइकाने रोज विचारायला सुरुवात केली तर दुकानदार कायद्याची वाट बघणार नाही. गिऱ्हाईक जे मागतं ते तो ठेवतो.

गेल्या महिन्यात एका नव्या गिऱ्हाइकाने मँडरिनची जोडी आणून टँक लावून द्यायला सांगितलं. टँक चार दिवसांपूर्वी भरलेला. मी नाही म्हणालो. त्यांनी दुसरा माणूस बोलावला. आता आपली पुरवणी बघून आणखी किती घरांतून मूरिश आयडलसाठी फोन येतील, ते बघायचं. पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा त्याखाली माशाचं नाव, तो काय खातो आणि टँकमध्ये येऊन त्याला किती दिवस झाले, एवढं छापता आलं तर बघा.

आपला,
एक टँकवाला, डोंबिवली
(गिऱ्हाइकं तुटतील, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)