कोड तोच, डबा तोच, मग आतलं बिट का बदललंत?

प्रति,
उत्पादन विभाग आणि ग्राहक सेवा विभाग (‘सेवा’ हा शब्द केवळ सवयीने)

आज सकाळी तुमच्या माणसाशी चौथ्यांदा बोललो, म्हणून आता लेखी.

भोसरीत आमचं पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) ड्रिलिंगचं जॉबवर्क आहे. तुमचं ०.३ मिमीचं कार्बाइड बिट सहा वर्षं वापरतोय. जुन्या बिटाला टोकापाशीच पूर्ण व्यास असायचा, मागचं अंग जरा बारीक, त्यामुळे ते होलच्या भिंतीला घासत नसे. नव्या लॉटचं बिट मायक्रोस्कोपखाली धरलं, तर टोकापासून मागेपर्यंत सरळसोट. अंडरकट, म्हणजे ते मागचं बारीक अंग, गायब. कोड तोच, दरही तोच.

घासलं की तापणार, तापलं की बोर्डातलं रेझिन मऊ होऊन आतल्या तांब्यावर फासलं जाणार. हे मी तुम्हाला शिकवावं का? चार लेयरची दोन पॅनल एकावर एक, वर ॲल्युमिनियम फॉइल, खाली बॅकअप बोर्ड, स्पिंडल १,२०,००० आरपीएम. पूर्वी दोन हजार होल निघायचे, आता सातशेला बिट तुटतं. तुकडा आत अडकला की पॅनल भंगारात.

तुमचे साहेब म्हणाले, ‘‘मशीन चेक करा.’’ बिट पकडणारा कोलेट साफ केला, रनआउट (फिरताना बिट किती डुलतं ते) मोजला. त्याच स्पिंडलवर जुन्या लॉटची उरलेली बिट्स आजही नीट चालतात, हेही सांगितलं. मग प्रश्न आला, ‘‘कूलंट किती सोडता?’’

‘‘कशावर?’’

‘‘जॉबवर, सर.’’

‘‘पीसीबीवर?’’

‘‘हो सर, कार्बाइडला कूलंट लागतंच.’’

अहो, काचेच्या धाग्यांच्या बोर्डावर कूलंट! हे काम कोरडंच होतं, भुसा व्हॅक्यूम ओढतो. आमच्याकडे गेल्या महिन्यात लागलेला पोरगासुद्धा आधी व्हॅक्यूम चालू आहे का बघतो. मी गप्प बसलो. साहेबांना वाटलं, मला पटलं. म्हणाले, ‘‘करून बघा आणि कॉलनंतर पाच स्टार द्या.’’ देतो की. कूलंटमध्ये बुडवून देतो.

पन्नासचे बारा डबे परत न्या आणि जुन्या डिझाइनची बिट्स पाठवा. तोवर या बिलाचं पेमेंट थांबवलं आहे. डिझाइन बदललं असेल तर कोड बदला, कोड तोच ठेवून आत भलतंच भरू नका. तुमचे २.४ मिमीचे राउटर (बोर्ड कापायची बिट्स) अजून धड आहेत, म्हणून पत्र लिहितोय. नाहीतर ऑर्डर केव्हाच दुसरीकडे गेली असती.

आणि हो, बिटाच्या दांड्यावरची खोली ठरवणारी रिंगसुद्धा बघा. टोकापासून २०.३ मिमीवर हवी, तीन बिट्सवर २०.६ला सापडली. की तिथेही कूलंट कमी पडलं?