ओला बेदाणा स्वतःच्या शेडमध्ये घेणाऱ्या तात्यांस

आदरणीय तात्यांस,
सा. न. वि. वि.

गेल्या एप्रिलमधील वादळानंतर तुमचे आभार मानण्यासाठी मी तीन वेळा तुमच्या दारात आलो आणि तिन्ही वेळा तुम्ही चहा पाजून, खरड छाटणी (हंगामानंतरची वेलींची छाटणी) झाली का एवढे विचारून मला वाटेला लावलेत. आभाराचा शब्द तोंडातून निघाला की तुम्हाला म्हशीला पाणी दाखवायचे आठवते. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. तुमचे नाव त्यात घातलेले नाही, कारण ते तुम्हाला रुचणार नाही. पण कवठेमहांकाळपासून नागजपर्यंत ज्यांच्या रॅकवर, म्हणजे बेदाण्यासाठी द्राक्षे सुकवायच्या जाळीच्या मांडण्यांवर, दरवर्षी माल पडतो, त्यांच्यापैकी बहुतेकांना हे कोणाविषयी आहे ते कळेल.

त्या दिवशी आमच्या शेडवर सुमारे बारा टन द्राक्षांचा माल होता. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा धरला, तर तीन टनांची आशा होती. द्राक्षे लवकर सुकावीत म्हणून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढलेला माल जाळीवर पसरल्याला नऊ दिवस झाले होते, म्हणजे आणखी पाच-सहा दिवस ऊन आणि कोरडा वारा मिळाला असता की रॅक झाडून तयार बेदाणा खाली घेता आला असता. आपल्या भागात शेडची एवढी दाटी झाली ती या कोरड्या हवेमुळेच, आणि याच हवेत एप्रिलच्या दुपारी वळवाचा ढग उभा राहतो हे आपण सारेच जाणतो. तरीही दरवर्षी प्रत्येकाला वाटते की यंदा तो दुसऱ्याच्या शिवारावर जाईल.

साडेचारच्या सुमारास दंडोबाच्या डोंगराच्या बाजूने काळे भरून आले. प्रथम धूळ, मग पाचएक मिनिटे गारा, आणि गारा थांबतात न थांबतात तोच जो वारा आला, त्याचे वर्णन मला आजही नीट करता येत नाही. छताचे पत्रे एकेक करून उडाले नाहीत, एका रांगेचे सगळे एकदमच गेले. लोखंडी अँगल उसाच्या कांडीसारखे वाकले, शेडनेट फाटून बाभळीवर अडकले आणि नऊ दिवसांचा माल जाळ्यांसकट चिखलात आला. रॅकवर काम करणाऱ्या सहा बायका पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसल्या होत्या. त्यांच्यापैकी एकीच्या दंडावर पत्रा लागून खोल जखम झाली. हे सारे वीस मिनिटांत आटोपले, आणि त्यानंतर इतके स्वच्छ ऊन पडले की त्याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी काही बातम्यांत ‘चक्रीवादळ’ असे छापून आले आणि गावातील पोरे मोबाईलवर अमेरिकेतील टोर्नेडोचे, म्हणजे भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या वादळाचे, व्हिडिओ दाखवून ‘हेच आले होते’ असे सांगू लागली. माझी मुलगी सांगलीत भूगोल शिकवते. ती रविवारी आली आणि पंचनाम्याला आल्यासारखी शिवारभर फिरून पडलेली झाडे व खांब कोणत्या दिशेला आहेत ते वहीत लिहू लागली. तिने सांगितलेली गोष्ट येथे देतो, कारण त्या गोष्टीचा तुमच्याशी संबंध आहे. 3 व 4 एप्रिल 1974 रोजी अमेरिकेतील 13 राज्यांत मिळून 148 टोर्नेडो झाले आणि तीनशेहून अधिक माणसे मेली. त्या विध्वंसाची विमानातून पाहणी करताना टेत्सुया फुजिता या शास्त्रज्ञाला एके ठिकाणी असे दिसले की झाडे भोवऱ्यात सापडल्यासारखी पिळून न पडता एका मध्यापासून चारी बाजूंना, चांदणीच्या किरणांसारखी आडवी झाली आहेत. त्यावरून त्याने मांडले की काही वादळांत हवा फिरत नाही. पावसाने गार व जड झालेला हवेचा स्तंभ ढगातून थेट खाली कोसळतो आणि जमिनीवर आपटून सगळीकडे पसरतो. याला डाउनबर्स्ट म्हणतात, आणि त्याचा पसारा चार किलोमीटरच्या आत असला तर मायक्रोबर्स्ट. आमच्या विहिरीजवळची बाभूळ उत्तरेला, शाळेकडचे खांब पूर्वेला आणि आमची शेड दक्षिणेला पडली होती. वहीतली चांदणी पाहून मीही मान डोलावली.

म्हणजे तो स्तंभ आमच्या डोक्यावर कोसळला आणि पाच किलोमीटरवरच्या तुमच्या शेडवर नुसता गडगडाट व चार थेंब पोहोचले. तुमची शेड वाचली यात तुमची काही करामत नव्हती, असे तुम्ही स्वतःच म्हणालात, आणि लगेच पुढे म्हणालात, “म्हणून तर आलो.” मी त्या वेळी हे ऐकून घेतले. त्याचा अर्थ लागायला मला रविवारची ती वही पाहावी लागली.

तुम्ही आलात ती वेळ मला पक्की आठवते. दिवे नव्हते, मोबाईलला रेंज नव्हती, मुख्य रस्त्यावर बाभळी आडव्या होत्या आणि आमच्याकडे अद्याप कोणी फिरकले नव्हते. तुम्ही म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या कालव्याच्या कडेने ट्रॅक्टर आणलात, मागे रिकामी ट्रॉली, त्यात क्रेट आणि दोन ताडपत्र्या. मी मालाकडे बोट दाखवू लागलो तेव्हा तुम्ही विचारलेत की कोणाला लागले आहे का. आधी त्या बाईला ट्रॉलीत बसवून, तिच्यासोबत दोघींना देऊन, तुमच्या पुतण्याने तिला दवाखान्यात नेले, आणि ट्रॅक्टर परत येईपर्यंत तुम्ही आमच्याबरोबर बॅटरीच्या उजेडात चिखलातून बेदाणा वेचत राहिलात. माल माझा होता आणि बाई माझ्याकडे कामाला होत्या. तो प्रश्न मला आधी सुचायला हवा होता, ही गोष्ट मला अजून लागते.

ओला बेदाणा थांबत नाही हे तुम्हाला सांगायला नको. रात्रभर ढिगात राहिला असता तर सकाळी आंबूस वास येऊन सगळाच काळा पडला असता. त्या रात्री तीन खेपा झाल्या. तुमच्या अंगणात बायका-मुलांनी तो स्वच्छ पाण्यात धुतला, तुमच्या रॅकवर पातळ पसरला, आणि वीज नव्हती म्हणून तुम्ही फवारणीच्या ब्लोअरची नुसती हवा सोडून पहाटेपर्यंत ट्रॅक्टर चालू ठेवलात. किती डिझेल जळाले हे मी विचारले तेव्हा तुम्ही टाकीत अजून आहे असे उत्तर दिलेत, जे उत्तर नव्हते.

यात तुमचे काय गेले हे मला आठवडाभराने, तेही दुसऱ्याकडून कळले. त्या रॅक मोकळ्या नव्हत्या. तुमच्या खालच्या बागेचा माल दुसऱ्या दिवशी उतरायचा ठरला होता, मजूर सांगून ठेवले होते, आणि तुम्ही तो बारा दिवस वेलीवरच ठेवलात. त्या बारा दिवसांत पुन्हा ढग आला असता तर? बागायतदार म्हणून मला या प्रश्नाचा हिशेब कळतो, आणि कळतो म्हणूनच तो मी कोणापुढे मांडत नाही.

येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. त्याच्या आदल्या हंगामात तुमच्याच गावातील एक जण आमच्याकडे दोन रॅक मागायला आला होता. त्या रिकाम्या होत्या. मी त्याला आधी भाडे ठरवून पैसे ठेवायला सांगितले आणि तो परत गेला. व्यवहार म्हणून त्यात चूक नव्हती, असे मी तेव्हा घरात म्हणालो होतो. तुम्हाला हे ठाऊक होते की नाही, मी विचारलेले नाही, आणि विचारणारही नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. वीज सहाव्या दिवशी आली. ती आणणाऱ्या वायरमन मंडळींनी भर उन्हात उपाशीपोटी खांब उभे केले, त्यांचेही आभार येथेच मानतो. उभ्या बागांचे पंचनामे झाले आणि 33 टक्क्यांहून अधिक नुकसान असलेल्यांची नावे मदतीच्या यादीत गेली. रॅकवरचा माल धड उभे पीक नाही आणि साठवलेले धान्यही नाही, त्यामुळे कोणत्या रकान्यात लिहावा हे ज्याला त्याला पडलेले कोडे होते, आणि एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाताना मी ते सोडवण्याचा नाद सोडला. बाईच्या दंडाला नऊ टाके पडले. ती यंदा पुन्हा कामाला आली आहे.

तुमच्या शेडवरून जवळपास दोन टन बेदाणा निघाला. त्यातला निम्मा काळपट होता आणि तासगावच्या सौद्यात त्याला दर कमी मिळाला, पण बँकेचा हप्ता त्यातून गेला आणि बाग विकावी लागली नाही. भाड्याचे पाकीट मी तुमच्या सुनेच्या हाती ठेवले होते. चौथ्या दिवशी आमचे सगळे क्रेट तुमच्याकडून धुऊन परत आले, आणि सर्वांत वरच्या क्रेटमध्ये ते पाकीट होते, न फोडलेले.

आता आमची शेड पुन्हा उभी राहिली आहे. अँगल आधीपेक्षा जाड आहेत, पाया काँक्रीटचा घेतला आहे आणि पत्रे आकड्यांनी बांधले आहेत. पश्चिमेकडील चार रॅकवर नवी जाळी ओढून त्या मोकळ्या ठेवल्या आहेत. यंदा त्यांवर आमचा माल टाकलेला नाही. तुमच्या खालच्या बागेत साखर चांगली भरली असल्याचे तुमच्या पुतण्याकडून समजले. त्या मालाचे डिपिंग आमच्याकडे करावे, ऑइल आणि कार्बोनेट आणून ठेवले आहे. भाड्याचा विषय तुम्ही काढलात, तर मलाही म्हशीला पाणी दाखवायचे आठवेल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
कवठेमहांकाळ तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार