बंद गाडीची बॅटरी उतरवणारा तुमचा हेड-अप डिस्प्ले आणि कालचा फोन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: डिस्प्ले परत घेऊन पूर्ण पैसे देण्याबाबत

कालच्या फोननंतर हे पत्र लिहिते आहे. आधीचे पाच फोन आणि तीन ई-मेल तुमच्याकडे नोंदलेले आहेत. ते उघडून बघा, पुन्हा पहिल्यापासून सांगायची माझी तयारी नाही.

दिवाळीत ४,७९९ रुपये देऊन हा डिस्प्ले, म्हणजे गाडीचा वेग पुढच्या काचेवर दाखवणारा डबा, घेतला तो हौस म्हणून नाही. माझं वय ५४, चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वरच्या भागातून लांबचं आणि खालच्या भागातून जवळचं दिसणारा. मीटर बघायचा तर नजर पार खाली न्यावी लागते, आणि पुन्हा वर बघितल्यावर समोरचं स्पष्ट दिसायला क्षणभर जातो. ताशी ७२ किलोमीटर वेग असेल तर एका सेकंदात गाडी २० मीटर पुढे गेलेली असते. आईला दर मंगळवारी आणि शुक्रवारी सिन्नरहून नाशिकला डायलिसिसला न्यायचं असतं, सकाळी सातची वेळ असते, त्यामुळे पावणेसहाला अंधारातच निघावं लागतं. वेगाचा आकडा समोर काचेवर दिसला तर नजर रस्त्यावरून हलत नाही, एवढ्यासाठीच ही वस्तू घेतली.

बसवला मीच. स्टिअरिंगखालचा ओबीडी पोर्ट (गाडी तपासायचं यंत्र जोडायची खाच) शोधला, वायर दाराच्या रबरातून वर घेतली, काच साबणाच्या पाण्याने पुसून आकडे उमटण्यासाठीची तुमची फिल्म लावली, जुन्या एटीएम कार्डाने बुडबुडे काढले. पहिला महिना उत्तम चालला. भिशीतल्या दोघींना मी स्वतः घ्यायला सांगितला, याचं आता वाईट वाटतं.

डिसेंबरपासून गाडी बंद केली की आकडे जायचे, पण डबा बंद होत नव्हता. हे मला कळलं ते एका मंगळवारी पहाटे. शुक्रवारी दुपारपासून गाडी दारातच उभी होती. आई शाल गुंडाळून मागच्या सीटवर बसली, मी किल्ली फिरवली आणि नुसतं टकटक वाजलं. दिवे मिणमिणले आणि गेले. डॅशबोर्डवर हात टेकला तर सगळा गार, तुमचा डबा मात्र हाताला कोमट लागला. चार दिवस बंद असलेल्या गाडीत कोमट! शेजाऱ्यांना उठवलं, त्यांनी जंपर केबल लावून गाडी सुरू करून दिली. दवाखान्यात पोहोचायला पावणेनऊ झाले. पुढच्या पेशंटची वेळ ठरलेली होती, त्यामुळे आईचं चार तासांचं डायलिसिस अडीच तासांत आटोपावं लागलं. शुक्रवारपर्यंत तिच्या पायांवर सूज होती, चप्पल चढत नव्हती.

कारण तुम्हाला माहीत असणारच. ओबीडी पोर्टच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा थेट पुरवठा असतो, किल्ली काढली तरी तो तुटत नाही. म्हणून इंजिन बंद झालंय हे डिस्प्लेने स्वतः ओळखून झोपायला हवं. इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट मिळतात, बंद झाल्यावर साडेबाराच्या आसपास येतात, आणि एवढा फरक ओळखणं हे त्याचं कामच आहे. तुमच्या खोक्यावरही ‘गाडीसोबत आपोआप बंद’ असं छापलेलं आहे. आमच्या इलेक्ट्रिशियनने मीटर लावून दाखवलं: डिस्प्ले जोडलेला असताना बंद गाडी १८० मिलिअँपिअर ओढते, वायर काढली की २०. शुक्रवार दुपार ते मंगळवार पहाट असा हिशेब केला तर १५-१६ अँपिअर-तास होतात, आणि माझी बॅटरी सगळी मिळून ३५ अँपिअर-तासांची आहे. थंडीत ती कशी उचलणार?

आता तुमच्या फोनबद्दल. चौथ्या फोनला १९ मिनिटं गाणं ऐकल्यावर एक साहेब आले. मी हे सगळं आकड्यांसकट सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, “मॅडम, घरात कोणी जेन्ट्स आहेत का? हे थोडं टेक्निकल आहे, त्यांना फोन द्या.” मी म्हटलं, गाडी माझी आहे, डिस्प्ले मी बसवलाय, बोला. ते म्हणाले, “तसं नाही मॅडम, मिस्टर असतील तर समजावणं सोपं जातं.” माझ्या यजमानांना गाडी येत नाही. या घरात २२ वर्षं गाडी मी चालवते, आईच्या आधी सासऱ्यांना दवाखान्यात मीच नेत होते. हे मी त्यांना सांगितलंसुद्धा, आणि अनोळखी माणसाला हे सांगावं लागतंय याची मला लाज वाटली. त्यावर उत्तर काय, तर “मग एखाद्या मेकॅनिकला तरी फोन द्या, त्यांच्याशी बोलतो.”

ठीक. काल मी गाडी घेऊन इलेक्ट्रिशियनच्या दुकानात गेले आणि तिथून फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तेच आकडे वाचून दाखवले. दोन मिनिटांनी फोन माझ्याकडे परत आला आणि पलीकडून सांगण्यात आलं की बाहेरच्या मेकॅनिकने प्रॉडक्टला हात लावलाय, म्हणून वॉरंटी संपली. मेकॅनिकला द्या असं तुम्हीच सांगितलं होतं! मी बोलले तर मला कळत नाही, आणि ज्याला कळतं तो बोलला तर वॉरंटी संपते. मग ग्राहकाने करायचं काय? त्या माणसाने तुमचा डबा उघडलेलासुद्धा नाही, फक्त बॅटरीच्या वायरला मीटर लावला.

संध्याकाळी मेसेज आला: ‘वेगातील फरकाची तक्रार निकाली.’ वेगातल्या फरकाची तक्रार मी केलीच नव्हती. गाडीचा मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवूच नये असा नियम असतो, त्यामुळे तो थोडा जास्तच दाखवतो आणि डिस्प्लेवर दोन-चारचा फरक पडतो, हे मला माहीत आहे. माझी तक्रार बॅटरीची आहे. पुन्हा लिहिते, बॅटरीची.

फिल्मचंही लिहिते. दीड महिन्यात तिच्या कडा सुटल्या आणि वेगळी फिल्म तुम्ही विकत नाही. फिल्म काढली तर आकडे दुहेरी दिसतात, कारण पुढच्या काचेच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंवरून प्रतिबिंब पडतं. कारखान्यातूनच अशी सोय असलेल्या काही गाड्यांत त्यासाठी काचेतला मधला थर पाचरीसारखा एका बाजूला जाड ठेवतात. माझ्या साध्या काचेला फिल्मशिवाय पर्याय नाही, हे विकताना तुम्हाला माहीत होतं. शिवाय पुढच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा नियम आहे. तुमची फिल्म लावल्यावर किती जातो, हे ना खोक्यावर आहे ना माहितीपत्रकात. पोलिसांनी अडवलं तर मी काय दाखवायचं?

मला नवा डिस्प्ले नको, कूपन तर नकोच. ४,७९९ रुपये परत करा, वॉरंटी संपल्याची नोंद काढा आणि डबा झोपत नाही हा दोष आहे हे लेखी कळवा. तो दुरुस्त होईपर्यंत हा माल विकू नका. पहाटे दवाखाना गाठायचा असलेली मी एकटी नाही. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. पावती, मीटरच्या आकड्यांचे फोटो आणि सगळ्या फोनच्या तारखा-वेळा सोबत जोडल्या आहेत.

डिस्प्ले, वायर आणि निघालेली फिल्म मूळ खोक्यात भरून ठेवली आहे, माणूस पाठवून न्या. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारपर्यंत मी आईजवळ असते, त्या वेळी कोणाला पाठवू नका. आणि फोन करायचा असेल तर माझ्याशीच बोलायचं, घरातल्या दुसऱ्या कोणाला फोन द्यायला सांगायचं नाही.

तुमची ग्राहक,
सिन्नर, जि. नाशिक